कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश: पात्रता, कागदपत्रं आणि पसंतीक्रम

मुलाला किंवा मुलीला सिस्टम्स इंजिनिअर व्हायचंय म्हटलं की घरात पहिली चर्चा होते ती सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासची. दाखल्यांची आठवण येते ती निकाल लागल्यावर, म्हणजे सेतू केंद्रासमोर रांग लागलेली असते तेव्हा. खरं तर कागदांची सुरुवात अकरावीतच व्हायला हवी, कारण काही दाखले घाई करून मिळत नाहीत.

आधी पात्रता. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन विषय हवेतच. तिसरा विषय केमिस्ट्री, बायोलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, आयटी यांपैकी चालतो. या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२०. इथे अनेकांचा गोंधळ होतो. मराठी, इंग्रजी धरून एकूण ६० टक्के आहेत, पण या तीन विषयांत १३० च आहेत, तर खुल्या प्रवर्गातला विद्यार्थी अपात्र ठरतो, सीईटीचा पर्सेंटाइल कितीही असो.

राज्य सीईटी कक्षाची एमएचटी-सीईटी पीसीएम गटासाठी २०० गुणांची असते. मॅथ्सचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे. उणे गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. खासगी कॉलेजांत अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा असतात, तिथे जेईई मेनचा स्कोअर आधी बघतात. जेईई दिली असेल तर तोही अर्जात भरा.

आता कागदपत्रं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सीईटीचं स्कोअरकार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला सर्वांनाच लागतो. या शेवटच्या दाखल्यावर जन्मस्थळ आणि राष्ट्रीयत्व हे दोन रकाने नीट बघा. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झाली असेल आणि दाखल्यावर महाराष्ट्रातलं जन्मगाव व ‘भारतीय’ अशी नोंद असेल, तर बहुतेकांचं काम त्यावरच भागतं. जन्म राज्याबाहेरचा असेल किंवा रकाना कोरा असेल, तर तहसीलमधून वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र काढा. ‘आपले सरकार’ या राज्याच्या पोर्टलवर त्याचा अर्ज घरबसल्या करता येतो.

बेळगाव, निपाणीसारख्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी उमेदवारीचा ‘ई’ हा वेगळा प्रकार आहे. सीमाभागातल्या वास्तव्याचा आणि मातृभाषेचा असे दोन्ही दाखले जोडावे लागतात. तिकडच्या बऱ्याच घरांना ही सोय ठाऊकच नसते.

आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद हाच. कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी अर्ज जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जातो. अनुसूचित जमातींसाठी समित्या वेगळ्या आहेत. समिती वडिलांकडच्या रक्तनात्यातला जुना पुरावा मागते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेचा दाखला, प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, गाव नमुना १४ (दोन्ही गावातल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी), यांतलं जे सापडेल ते गोळा करा. वडिलांची, सख्ख्या भावाची किंवा बहिणीची वैधता आधीच झाली असेल तर वंशावळीसोबत ती जोडा, काम बरंच हलकं होतं.

ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) उमेदवारांना नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्रही लागतं आणि त्याची मुदत प्रवेशवर्ष संपतं त्या ३१ मार्चपर्यंत हवी. २०२५-२६ च्या प्रवेशासाठी ती ३१ मार्च २०२६ होती. घरात जुनं प्रमाणपत्र पडलेलं असतं आणि मुदत कुणी वाचलेली नसते. वैधतेच्या अर्जाची पोचपावती काही वर्षी चालवून घेतली गेली, पण ठरलेल्या तारखेला मूळ कागद आला नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो आणि आरक्षणातली जागा हातची जाते.

नोंदणी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर होते. पडताळणी ऑनलाइन किंवा सुविधा केंद्रावर जाऊन, जे सोयीचं असेल ते निवडा. मोबाइलने तिरका काढलेला, कडा कापलेला फोटो अपलोड केला की अर्ज त्रुटीसह परत येतो, म्हणून स्कॅनच करा. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर प्रवर्ग, गुण आणि नाव तपासा. हरकत घ्यायला मोजकेच दिवस असतात.

पसंतीक्रम भरताना कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, आयटी, एआय अँड डेटा सायन्स अशी शाखांची नावं समोर येतात. पहिल्या दोन वर्षांत त्यांत फारसा फरक नसतो. माझं मत विचाराल तर शाखेच्या झगमगीत नावापेक्षा कॉलेज बघा. व्हीजेटीआय, सीओईपी, पीआयसीटी, सांगलीचं वालचंद ही नावं उगाच वर राहत नाहीत. पसंतीक्रमात प्रत्येक कॉलेजच्या शाखेचा कोड भरायचा असतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर निवडलेल्या कॉलेजचा शेवटी ‘टी’ असलेला कोडही भरा. ती शिक्षणशुल्क माफीची जागा, मंजूर जागांच्या वर ५ टक्के असते. तिथे कटऑफ चढा असतो, पण नुसता कोड भरून काही बिघडत नाही.

२०२५-२६ पासून चार फेऱ्या होतात आणि आपोआप गोठवण्याचा नियम कडक आहे. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी मिळाली, तर ती घ्यावीच लागते. नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून ‘टाकून बघू’ म्हणत जिथे जायचंच नाही असं कॉलेज वर टाकू नका. त्या त्या फेरीच्या या मर्यादेखालची पसंती मिळाली, तर ती स्वीकारून पुढच्या फेरीत बेटरमेंटसाठी, म्हणजे वरच्या पसंतीसाठी, थांबता येतं.

जागा पक्की झाली की मूळ कागदपत्रं घेऊन मुदतीत कॉलेजात हजर व्हा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर वेगळा करायचा असतो, तो आपोआप होत नाही. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. ती मिळवायलाही चालू उत्पन्नाचा दाखला लागतोच. तहसीलमध्ये जालच तेव्हा हा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर एकाच खेपेला काढा.