विद्युत उद्दीपन उपचार (मेंदूच्या इजेनंतरच्या भानविकारांवरील)

मेंदूला झालेल्या इजेमुळे ज्यांचे भान दीर्घकाळ हरपलेले आहे, अशा रुग्णांच्या मेंदूला किंवा एखाद्या तंत्रिकेला (मज्जातंतूला) सौम्य विद्युत प्रवाह देऊन ते परत आणण्याचा प्रयत्न ज्या पद्धतींनी केला जातो, त्यांना विद्युत उद्दीपन उपचार म्हणतात. मनोविकारांवर दिल्या जाणाऱ्या ‘शॉक’शी त्यांचा संबंध नाही, येथे आकडी आणायची नसते.

बोलताना आपण ‘कोमा’ हा शब्द सरसकट वापरतो. परंतु जागे असणे आणि भानावर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खऱ्या कोमात डोळे मिटलेले असतात व ही अवस्था सहसा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. पुढे काही रुग्णांचे डोळे उघडतात, झोपेचे आणि जागेपणाचे चक्र सुरू होते, पण हाकेला ओ मिळत नाही. या अवस्थेला ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी १९७२ मध्ये ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ असे नाव दिले. अल्पभान अवस्था हिच्याहून वेगळी असून तिचे निकष २००२ मध्ये ठरले. तीत रुग्णाची नजर हलत्या वस्तूमागे जाते आणि सांगितलेली साधी कृती तो कधी करतो, कधी करत नाही. ही ‘कधी’ची खूण खाटेपाशी सहज निसटते, म्हणून २३ गुणांच्या प्रमाणित मापनश्रेणीने तपासणी पुनःपुन्हा करावी लागते. उपचाराचा उपयोग होईल की नाही, हे बऱ्याच अंशी या निदानावर अवलंबून असते.

या उपचारांचे मूळ १९४९ च्या एका प्रयोगात आहे. ज्युसेप्पे मोरुत्सी आणि होरेस मॅगून यांनी मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातील (मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या देठासारख्या भागातील) पेशींच्या जालरूप भागाला विद्युत प्रवाह दिला, तेव्हा मेंदूच्या आलेखातील झोपेच्या संथ लहरी जाऊन जागेपणाच्या जलद लहरी उमटल्या. हा जागवणारा संदेश थॅलॅमस या मेंदूत खोलवर असलेल्या केंद्राच्या मध्यवर्ती भागातून प्रमस्तिष्काच्या बाह्यकापर्यंत, म्हणजे मोठ्या मेंदूच्या बाहेरील थरापर्यंत, पोहोचतो. गंभीर इजेत पुष्कळदा बाह्यकाचा बराच भाग शाबूत राहतो. पण त्याला चालना देणारा हा दुवा दुबळा होतो. तेथेच बाहेरून प्रवाह पुरवावा, अशी कल्पना आहे.

जपानमध्ये मेंदूत खोलवर विद्युदग्रे (प्रवाह देणाऱ्या तारांची टोके) बसवून केलेल्या अशा उद्दीपनानंतर २१ पैकी ८ रुग्ण व्हेजिटेटिव्ह अवस्थेतून बाहेर आले. मात्र इजेला काही महिनेच झालेले असल्याने आपोआप झालेली सुधारणा त्यातून वेगळी काढता येत नव्हती. अमेरिकेत निकोलस शिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास एकाच रुग्णाचा असूनही अधिक वजनदार ठरला, तो या कारणाने. ३८ वर्षांचा हा पुरुष सहा वर्षे अल्पभान अवस्थेत होता. त्याच्या थॅलॅमसच्या दोन्ही बाजूंना विद्युदग्रे बसवली गेली आणि पुढचे सहा महिने यंत्र आलटूनपालटून चालू-बंद ठेवले गेले. केव्हा चालू आहे, हे मूल्यमापन करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. नळीवाटे अन्न घेणारा हा माणूस तोंडाने घास चावून गिळू लागला, वस्तूंची नावे सांगू लागला. तो पूर्ववत झाला नाही, हेही तितकेच खरे.

कवटी न उघडता करायच्या पद्धती साहजिकच अधिक वापरल्या जातात. बेल्जियममधील लिएज येथील २०१४ च्या अभ्यासात डाव्या कपाळामागील भागावर २ मिलिअँपिअर प्रवाह २० मिनिटे दिला गेला. अल्पभान अवस्थेतील ३० पैकी १३ जणांत तात्पुरती सुधारणा दिसली, तर व्हेजिटेटिव्ह अवस्थेतील २५ पैकी केवळ दोघांत. उजव्या मनगटातील मध्य तंत्रिकेला त्वचेवरून उद्दीपन देण्याची पद्धतही आहे. उजवाच हात निवडण्यामागे, त्याचे संदेश बहुतेकांत भाषाकेंद्र असलेल्या डाव्या गोलार्धाकडे जातात, हा विचार आहे. छातीत यंत्र बसवून मानेतील व्हेगस तंत्रिकेला उद्दीपन दिल्यावर, १५ वर्षे व्हेजिटेटिव्ह अवस्थेत असलेल्या ३५ वर्षीय रुग्णाची नजर वस्तूमागे जाऊ लागली, असे फ्रान्समधील वैज्ञानिकांनी २०१७ मध्ये नोंदवले.

शाबूत तंत्रिकाजाळे जितके उरले असेल, तितक्यावरच प्रवाह काम करू शकतो. नष्ट झालेल्या पेशी त्याने परत येत नाहीत. खोल विद्युदग्रे बसवताना रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचा धोका असतो आणि तो पत्करायचा की नाही हे रुग्णाला स्वतः सांगता येत नसल्याने संमती नातेवाइकांना द्यावी लागते. अमेरिकेतील चेताविकारतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत, आघातजन्य इजेनंतर ४ ते १६ आठवड्यांतील रुग्णांसाठी अमँटाडीन या औषधाची शिफारस आहे. विद्युत उद्दीपनाला त्या वेळी ते स्थान मिळालेले नव्हते.