मुरुमांवरचे अँटिबायोटिक मलम एकटे का लिहून देत नाहीत

त्वचारोगतज्ज्ञाने मुरुमांसाठी क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचे जेल लिहून दिले, तर आज त्याच चिठ्ठीत बहुधा बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा रोमकूप मोकळे करणारे अ‍ॅडापॅलीनही असते आणि पुढे मुदत लिहिलेली असते: १२ आठवडे. १९८० च्या दशकात हेच क्लिंडामायसिन एकटे, सकाळ-संध्याकाळ, चेहरा स्वच्छ राहतोय तोवर महिनोन्महिने लावले जाई. औषध तेच आणि त्याची ताकदही तीच, १ टक्का. मधल्या काळात बदलला तो चेहऱ्यावरचा जिवाणू.

मुरूम आणि जिवाणू यांची सांगड १९ व्या शतकाच्या अखेरीस घातली गेली. हॅम्बुर्गच्या पॉल गर्सन उन्ना यांना १८९६ मध्ये ब्लॅकहेडच्या गाभ्यात जिवाणू दिसले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या रेमंड साबुरो यांनी ते वेगळे वाढवले. या जिवाणूचे शास्त्रीय नाव आजवर अनेकदा बदलले. सध्याचे, म्हणजे २०१६ पासूनचे, क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. मात्र तो बाहेरून येऊन शिरलेला रोगजंतू नाही. ज्यांना आयुष्यात कधी पुटकुळी आली नाही, त्यांच्याही नाकाकपाळावर तो सुखाने नांदत असतो. मुरुमाला चार गोष्टी लागतात: वाढलेले त्वचेचे तेल, रोमकूपाच्या तोंडाशी बसलेला मृत पेशींचा बुच, त्याआड प्राणवायूविना फोफावणारा हा जिवाणू आणि त्यावरून पेटणारा दाह. अँटिबायोटिक यातल्या शेवटच्या दोन गोष्टींवर चालते. तेल आणि बुच जिथल्या तिथे राहतात. त्यामुळे लाल, पू भरलेले फोड बसतात, पण ब्लॅकहेड-व्हाइटहेड फारसे हलत नाहीत. ही मर्यादा पहिल्या दिवसापासून होती, फक्त सुरुवातीच्या यशात ती झाकली गेली.

१९५० च्या दशकात टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक आले आणि लवकरच मुरुमांसाठी त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या काळची उपपत्ती अशी की हा जिवाणू त्वचेच्या तेलाचे विघटन करतो, त्यातून मोकळी मेदाम्ले सुटतात आणि ती रोमकूपाला चुरचुरवतात. टेट्रासायक्लिन घेणाऱ्यांच्या त्वचेवर ही मेदाम्ले घटलेली १९६५ च्या सुमारास मोजून दाखवली गेली आणि उपचाराला शास्त्राचा आधार मिळाला. पण गोळीच्या मागे पोटाची कुरकुर, उन्हाने भाजणे, गर्भारपणात आणि लहान मुलांत दातांवर उमटणारे पिवळे-तपकिरी डाग अशी यादी होती. मग दुखणे चेहऱ्यावर असताना औषध पोटातून कशाला, हा विचार ओघानेच आला.

अडचण औषधापेक्षा ते वाहून नेणाऱ्या द्रावणाची होती. रोमकूपात तेल असते, म्हणून पाण्यात विरघळवलेले अँटिबायोटिक वरच्या वर सुकून जाते. कॅलिफोर्नियातील रिचर्ड स्टॉटन यांच्यासारख्या त्वचारोगतज्ज्ञांनी अल्कोहोल, पाणी आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल यांची मिश्रणे वापरली. अल्कोहोल तेलात वाट काढते, ग्लायकॉल औषध विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवते. तयार उत्पादन बाजारात येण्याआधी अमेरिकेतले डॉक्टर औषधविक्रेत्याकडून अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून अशा द्रावणात घालून घेत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेट्रासायक्लिनचे लावायचे द्रावण विक्रीला आले. त्याने त्वचेवर पिवळी झाक येई आणि अतिनील दिव्याखाली चेहरा चमके. तो काळ डिस्कोचा होता, तेव्हा तरुण गिऱ्हाइकाला हे कितपत रुचले असेल, ते सांगायला नको.

टिकली ती दुसरी दोन औषधे, आणि दोन्हींचा उगम मातीत आहे. एरिथ्रोमायसिन देणारा सूक्ष्मजीव फिलिपाइन्समधल्या इलोइलोच्या मातीत सापडला. डॉ. अबेलार्डो अगिलार यांनी तो नमुना १९४९ मध्ये एली लिली कंपनीकडे पाठवला होता. औषध १९५२ मध्ये आले. क्लिंडामायसिनचे मूळ लिंकोमायसिन हे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातील लिंकन शहराजवळच्या मातीतले. अपजॉन कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये त्या रेणूत क्लोरीन बसवून क्लिंडामायसिन घडवले.

पोटातून दिलेल्या क्लिंडामायसिनचे नाव १९७४ मध्ये खराब झाले. घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना जुलाब आणि काहींना मोठ्या आतड्याचा गंभीर दाह होत असल्याचे उघड झाले. त्यामागे क्लॉस्ट्रिडियम डिफिसील हा जिवाणू असल्याचे १९७८ मध्ये स्पष्ट झाले. साहजिकच त्वचेतून हे औषध रक्तात किती जाते, हा प्रश्न ऐरणीवर आला. तोडगा म्हणून लावायच्या औषधात हायड्रोक्लोराइडऐवजी फॉस्फेटचे रूप घेतले गेले. ते रक्तात कमी उतरते आणि एरवी निष्क्रिय असते. त्वचेतली फॉस्फेटेज एन्झाइमे ते तोडतात, तेव्हा जागेवर खरे औषध तयार होते. १ टक्क्याच्या या द्रावणाला अमेरिकेत १९८० मध्ये मान्यता मिळाली. ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स (दोन्ही आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे आजार) किंवा अँटिबायोटिकमुळे झालेला आतड्याचा दाह होऊन गेला आहे, त्यांनी हे लावू नये, ही सूचना पत्रकात आजही छापलेली असते. तिचे मूळ या प्रकरणात आहे. मलम लावताना पातळ जुलाब सुरू झाले, तर ते थांबवून डॉक्टरांना कळवायचे.

मान्यता मिळण्याआधीच धोक्याची घंटा वाजली होती. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तपासण्यांत या औषधांना दाद न देणारे मुरुमाचे जिवाणू सापडत नव्हते. १९७९ मध्ये अमेरिकेतून पहिली नोंद आली. एरिथ्रोमायसिन किंवा क्लिंडामायसिन लावणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दोन्ही औषधांना न जुमानणारे जिवाणू होते. दोन्हींना एकदम, कारण दोन्ही औषधे जिवाणूच्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेत, रायबोसोमच्या ५०एस भागावर, जवळजवळ एकाच जागी चिकटतात. तिथल्या २३एस आरएनए या घटकात जनुकीय लिपीचे एक अक्षर बदलले, की दोघांचीही पकड सुटते. एक लागू पडत नाही म्हणून दुसरे देणे त्यामुळे व्यर्थ, आणि दोन्ही एकत्र लावणे तर चूकच. जागा एकच असल्याने ती एकमेकांच्या आड येतात.

चेहऱ्यावर लावलेल्या मलमातून हे इतक्या झपाट्याने का घडले, याचे उत्तर मलम लावण्याच्या पद्धतीत आहे. गालाच्या मध्यावर औषध दाट बसते. केसांच्या कडेला, नाकाच्या आत, जबड्याखाली पातळ होत जाते. या सीमेवर जिवाणू मरत नाही, नुसता चेपला जातो, आणि चुकूनमाकून बदललेला एखादा तिथे टिकतो. मग तो नाकपुडीत ठाण मांडतो आणि औषध बंद केल्यावरही लवकर हलत नाही. त्वचेवर शेजारी राहणाऱ्या स्टॅफिलोकोकस या जिवाणूचेही तेच होते, आणि ते अधिक चिंतेचे आहे. स्टॅफिलोकोकस अशी जनुके दुसऱ्याला सहज देतो, आणि त्याच कुळातला ऑरियस उद्या जखमेत किंवा रक्तात शिरू शकतो.

इंग्लंडमधल्या लीड्सच्या रुग्णालयाने याची सर्वात चिकाटीची मोजणी केली. नेहमीच्या अँटिबायोटिकांपैकी किमान एकाला दाद न देणारे जिवाणू बाळगणाऱ्या मुरुमाच्या रुग्णांचे प्रमाण १९९१ मध्ये ३४.५ टक्के होते. १९९७ मध्ये ते ६४ टक्क्यांवर गेले आणि २००० मध्ये ५५.५ टक्के निघाले. २००३ मध्ये युरोपातल्या सहा देशांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात हंगेरीत ५१ टक्के तर स्पेनमध्ये ९४ टक्के रुग्णांकडे असे जिवाणू होते. त्याच पाहणीतला एक तपशील डॉक्टरांना झोंबणारा होता: मुरुमांवर उपचार करणाऱ्या ३९ त्वचारोगतज्ज्ञांपैकी २५ जणांच्या स्वतःच्या त्वचेवर दाद न देणारे जिवाणू निघाले. इतर विभागांतल्या २७ डॉक्टरांपैकी एकाकडेही नव्हते. रुग्णाचा चेहरा चाचपणाऱ्या हाताबरोबर ते दवाखान्यातून घरी जात होते.

एरिथ्रोमायसिनचा प्रभाव दशकागणिक घसरत गेल्याचे जुन्या चाचण्या एकत्र मांडल्यावर २००५ मध्ये दिसले. क्लिंडामायसिन त्या हिशोबात बरेच टिकून होते, म्हणून आज मुरुमांच्या चिठ्ठीत एरिथ्रोमायसिनचे मलम क्वचित दिसते.

क्लिंडामायसिनच्या जोडीला दिले जाणारे बेंझॉइल पेरॉक्साइड हे अँटिबायोटिक नाही. ते त्वचेत फुटून बेंझोइक आम्ल आणि प्राणवायूचे आक्रमक कण सोडते. ते कण जिवाणूला एकाच जागी नव्हे, चहूकडून जाळतात, म्हणून एखाद्या अक्षराच्या बदलाने सुटका होत नाही. इतकी वर्षे वापरूनही मुरुमाच्या जिवाणूने त्याविरुद्ध प्रतिकार कमावलेला नाही. शिवाय ते बुचही थोडा सैल करते. १९८४ मध्ये एरिथ्रोमायसिन ३ टक्के आणि बेंझॉइल पेरॉक्साइड ५ टक्के अशी पहिली जोडी अमेरिकेत आली. औषधविक्रेत्याने एरिथ्रोमायसिनची पूड अल्कोहोलमध्ये विरघळवून जेलमध्ये कालवायची, रुग्णाने फ्रिजमध्ये ठेवायची आणि तीन महिन्यांत संपवायची, असा तो खटाटोप होता. २००० मध्ये क्लिंडामायसिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइडची जोडी आली. तिला फ्रिज लागत नसे आणि ती रूढ झाली.

बेंझॉइल पेरॉक्साइडचे दोष ठाऊक असलेले बरे. २.५ टक्के ताकद फोडांवर ५ आणि १० टक्क्यांच्या बरोबरीने चालते आणि आग कमी करते, हे १९८० च्या दशकातच दिसले होते. तरी दुकानात जाऊन जास्त टक्क्यांची ट्यूब मागणारे असतातच. बेंझॉइल पेरॉक्साइड रंगीत टॉवेल, उशीचे अभ्रे आणि शर्टाच्या कॉलरी यांचा रंग उडवते. म्हणून पांढरा टॉवेल वापरावा. फार चुरचुरत असेल, तर ते फेसवॉशच्या रूपात दोन ते पाच मिनिटे ठेवून धुवावे. उंदरांवरच्या प्रयोगांतून कर्करोगाची शंका निघाल्याने अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९९१ मध्ये त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न खुला ठेवला होता, तो २०१० मध्ये मिटवला. २०२४ मध्ये नवी शंका आली, ती त्यातून उष्णतेने बेंझीन हे कर्करोगकारक रसायन तयार होण्याची. २०२५ मध्ये एफडीएने ९५ उत्पादने तपासली. ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझीन आढळले नाही किंवा अत्यल्प होते, मोजकी उत्पादने परत मागवली गेली. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात ही ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा खिडकीत ठेवू नये आणि मुदत संपली की टाकून द्यावी, एवढे पथ्य पुरते.

दरम्यान नियम कडक होत गेले. २००३ मध्ये त्वचारोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने अँटिबायोटिक एकटे देऊ नये, असे एकमताने मांडले. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात एकटे लावायचे अँटिबायोटिक नको आणि लावायचे व पोटातले अँटिबायोटिक एकदम नको, असे दोन्ही स्पष्ट आहे. १२ आठवड्यांनी फेरतपासणी आणि सहा महिन्यांपलीकडे केवळ अपवादात्मक परिस्थितीत, ही मुदतही तिथलीच. अमेरिकेच्या त्वचारोग संघटनेचे २०२४ चे मार्गदर्शनही एकट्या मलमाच्या विरोधात आहे. १२ आठवडे का? फोड बसायला सहा ते आठ आठवडे लागतातच. १२ व्या आठवड्यापर्यंत फरक नसेल, तर पुढेही पडण्याची शक्यता कमी.

आपल्याकडे चित्र जरा वेगळे आहे. क्लिंडामायसिन १ टक्का आणि अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्का यांचे जेल भारतात सर्रास मिळते. ही जोडी ठीक आहे, कारण अ‍ॅडापॅलीन बुच सोडवते आणि मुदत संपली की तेच एकटे पुढे चालू ठेवता येते. पण बेंझॉइल पेरॉक्साइड नसल्याने दाद न देणाऱ्या जिवाणूंना अटकाव कमी. क्लिंडामायसिन आणि निकोटिनामाइड ४ टक्के ही जोडीही खपते. निकोटिनामाइड दाह कमी करते, मात्र बेंझॉइल पेरॉक्साइडची जागा घेत नाही. जपानमध्ये १९९३ मध्ये आलेले नॅडिफ्लॉक्सासिन १ टक्का हे दुसरे अँटिबायोटिक इथे प्रचलित आहे. त्याची चिकटण्याची जागा वेगळी, पण म्हणून ते एकटे चालते असे नव्हे. या सगळ्याहून घातक म्हणजे गोरेपणाच्या आशेने लावली जाणारी स्टिरॉइडमिश्रित क्रीम. पहिल्या आठवड्यात फोड बसलेले दिसतात, मग सारख्या आकाराचे फोड, लाली आणि चेहऱ्यावर केस. अशी अनेक लावायची स्टिरॉइडे २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत, आली. गल्लीतल्या मेडिकलमध्ये ती आजही विनासायास मिळतात, हा भाग वेगळा.

लावण्यातली नेहमीची चूक म्हणजे फक्त फुटलेल्या फोडावर ठिपका. फोड दिसतो तेव्हा त्या रोमकूपात आठवड्यांपूर्वी सुरुवात झालेली असते आणि पुढचा फोड शेजारी तयार होत असतो. वाटाण्याएवढे जेल कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटी यांवर टिंबे ठेवून सगळीकडे पातळ पसरायचे, डोळ्यांचे, नाकाचे आणि ओठांचे कोपरे सोडून. दिवसाला अर्धा ग्रॅम धरला, तर १५ ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरते. ती तीन महिने पुरली, तर औषध पुरेसे लागलेले नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड सकाळी आणि रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातकुळीतले, रोमकूप मोकळे करणारे औषध) रात्री, हा क्रम ट्रेटिनॉइन या रेटिनॉइडसाठी आवश्यक ठरला, कारण साधे ट्रेटिनॉइन पेरॉक्साइडने आणि उजेडाने निकामी होते. अ‍ॅडापॅलीन या दुसऱ्या रेटिनॉइडला हा धोका नाही, म्हणूनच २००८ मध्ये त्याची पेरॉक्साइडबरोबर एकाच ट्यूबमधली जोडी आली, तीही अँटिबायोटिकशिवाय. गर्भारपणात रेटिनॉइड टाळतात, तिथे अझेलाइक आम्ल उपयोगी पडते.

औषध नीट लावूनही फोड वाढले, तर प्रतिकार हे एकच कारण नसते. कपाळ, छाती, पाठ यांवर एकसारखे, खाजणारे बारीक फोड हे बऱ्याचदा मॅलासेझिया या बुरशीचे असतात, आणि अँटिबायोटिकने बुरशीला रानच मोकळे मिळते. दीर्घ अँटिबायोटिकनंतर नाका-तोंडाभोवती एकाएकी पुवाचे फोड आले, तर ग्रॅम-निगेटिव्ह या वेगळ्या गटातल्या जिवाणूंचा संशय घ्यावा लागतो. पुवाचा नमुना तपासल्याशिवाय तिथे औषध बदलू नये.

२०२३ मध्ये अमेरिकेत क्लिंडामायसिन, अ‍ॅडापॅलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड या तिघांच्या एकत्र जेलला मान्यता मिळाली. मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकचा ४ टक्के फोम २०१९ मध्ये आला होता. २०२० मध्ये आलेले क्लॅस्कोटेरोन त्वचेतले अँड्रोजेन या हार्मोनचे ग्राही (रिसेप्टर) अडवून तेलावर काम करते. जिवाणूशी त्याचे थेट काही देणेघेणे नाही.