ठाण्याच्या दमट हवेतलं चर्मकाम

हाताला पूर्ण कोरडं वाटणाऱ्या चामड्यातही त्याच्या वजनाच्या साधारण १२ ते १६ टक्के पाणी असतं. हवा दमट झाली की हे प्रमाण वाढतं, हवा कोरडी झाली की उतरतं. ठाणे आणि नवी मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, जानेवारीतल्या दुपारी ती बरीच खाली येते. घरी छंद म्हणून पाकीट, पट्टा किंवा चष्म्याचं घर शिवणाऱ्यांना इथे ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या पाण्यातच सापडतं.

चामडं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. या प्रथिनाचा रेणू तीन साखळ्यांच्या पिळाने बनलेला असतो, ही कल्पना मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये मांडली. कच्चं कातडं ओलं राहिलं तर कुजतं. वाळलं तर तंतू एकमेकांना चिकटून ताठ होतं. कमावताना या तंतूंमध्ये दुसरं काहीतरी नेऊन बसवतात. बाभळीच्या सालीतली किंवा हिरड्यातली टॅनिनं बसवली तर ती वनस्पती-कमावणी. कोल्हापुरी चपलांचं चामडं परंपरेने याच पद्धतीचं. या चपलांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. क्रोमियमचे क्षार बसवले तर क्रोम-कमावणी. क्रोमचं चामडं मऊ आणि लवचिक राहतं, पण त्यावर ठशाची नक्षी टिकत नाही आणि त्याच्या कडा घासून चकाकत नाहीत. नवशिक्याने दोन्ही वापरावीत, पण आपल्या हातात कोणतं आहे हे आधी माहीत हवं.

ठाण्याहून लोकलने शीवला उतरलं की धारावीतली चामड्याची दुकानं जवळच आहेत. तिथे माल चौरस फुटाने मिळतो. जाडी मात्र मिलिमीटरमध्ये विचारावी: पाकिटाच्या बाहेरच्या भागाला १.२ ते १.५ मिमी, आतल्या कार्डांच्या कप्प्यांना ०.८ ते १, पट्ट्याला ३ ते ३.५. पट्ट्याच्या पट्ट्या पाठीच्या कण्याला समांतर कापाव्यात. तिथले तंतू घट्ट विणलेले असतात. पोटाकडचं चामडं सैल असतं. त्याचा पट्टा काही महिन्यांत लांबतो आणि वाकडा होतो.

कमावणी ओळखायची खात्रीची घरगुती कसोटी उकळत्या पाण्याची आहे. अर्धा सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर लांब पट्टी कापून मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकावी. वनस्पती-कमावणीची पट्टी आक्रसून वळते; चांगल्या क्रोम-कमावणीची जवळपास तशीच राहते. पाण्याने भिजलेल्या वनस्पती-कमावणीच्या चामड्याचे तंतू साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसतात, क्रोमचे १०० अंशांपर्यंत टिकतात, म्हणून हा फरक दिसतो. तुकडा जाळून पाहण्याचा सल्लाही पुष्कळदा दिला जातो. तो मुळीच पाळू नये. क्रोमचं चामडं जळताना विषारी षट्संयुजी क्रोमियम तयार होऊ शकतं.

हीच कसोटी आणखी एक नियम सांगून जाते. तंतूंना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्यामुळे सैल होतात, त्यामुळे कोरडं चामडं जेवढी उष्णता सोसतं तेवढी ओलं सोसत नाही. पावसात भिजलेलं पाकीट हेअर ड्रायरने किंवा इस्त्रीने वाळवलं की ते आखडतं, आणि आखडलेले तंतू पुन्हा पूर्ववत होत नाहीत. पंख्याच्या हलक्या वाऱ्यात, सावलीत वाळवावं. हिवाळ्यात पातळ चामड्याला एक दिवस पुरतो. भर पावसाळ्यात दोन किंवा तीनही लागतात.

नक्षी काढायची असेल किंवा चष्म्याच्या घरासारखा आकार द्यायचा असेल, तर वनस्पती-कमावणीचं चामडं मुद्दाम ओलवावं लागतं. इथे घाई सगळ्यात महाग पडते. स्पंजने पूर्ण तुकडा सारखा ओला करावा. फक्त नक्षीची जागा ओलवली तर पाणी कडेकडे सरकताना सुटी टॅनिनं सोबत नेतं आणि ओल थांबते तिथे तपकिरी रेघ उमटते. ती नंतर रंगाखालीही दिसते. ओलवल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवून ओल आतपर्यंत मुरू द्यावी. सकाळी बाहेर काढल्यावर मूळचा फिका रंग परतू लागतो, पण गालाला लावून पाहिलं तर गार लागतं. ठसा मारायची वेळ हीच. यापेक्षा ओलं असेल तर ठसा पसरतो आणि तासाभरात बुजतो. कोरडं असेल तर उथळ बसतो आणि वरचा थर फाटतो. पावसाळ्यात पिशवीत एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नये, बुरशी धरते. काम लांबलंच तर पिशवी फ्रिजमध्ये ठेवावी.

पाणी कोणतं वापरलं, यालाही महत्त्व आहे. टॅनिन आणि लोह एकत्र आले की निळसर काळा पदार्थ तयार होतो. जुन्या काळची लिहिण्याची शाई याच रसायनाची. जुन्या इमारतींच्या गंजलेल्या नळांतून किंवा बोअरवेलमधून आलेल्या पाण्यात लोह असेल तर फिक्या चामड्यावर राखाडी ठिपके उठतात. ओल्या चामड्यावर लोखंडी पट्टी विसरली, तरी तिचा काळा छाप राहतो. म्हणून फिल्टरचं पाणी घ्यावं आणि ओल्या कामाला स्टेनलेस स्टीलची किंवा प्लास्टिकची पट्टी वापरावी. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस पाण्यात अर्धा अर्धा मिसळून कापसाने फिरवावा. त्यातलं सायट्रिक आम्ल लोहाला धरून विरघळवतं. नंतर पूर्ण तुकडा साध्या पाण्याने पुसावा.

हीच अभिक्रिया रंगवायलाही कामी येते. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेल धुऊन काढलेलं स्टील वूल (लोखंडाच्या बारीक तारांचा पुंजका) आठवडाभर ठेवावं. बाटलीचं झाकण सैल असू द्यावं, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. गाळलेलं द्रावण लावताच वनस्पती-कमावणीचं चामडं काळं होतं आणि हा काळा रंग हाताला लागत नाही. मागे राहिलेल्या आम्लाने तंतू कमकुवत होतात, म्हणून शेवटी लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्याने पुसावं आणि हलकं तेल द्यावं.

चिकटवताना पावसाळा वेगळीच अडचण आणतो. रबर सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं असतं. त्यातला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं बाष्प त्यावर साचतं. थर पांढुरका दिसला की समजावं, जोड सुटणार. पंखा लावून बाष्प उडेपर्यंत थांबावं, मगच दाबावं. खिडकी उघडी हवी आणि जवळ ज्योत नको.

शिवण दोन सुयांची घालावी. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात; एक तुटला की टाके उसवत जातात. हाताच्या शिवणीत एकाच दोऱ्याची दोन्ही टोकं प्रत्येक भोकातून उलटसुलट जातात, त्यामुळे एका जागी झीज झाली तरी बाकीची शिवण धरून राहते. दोरा शिवणीच्या चौपट लांबीचा, मेण लावलेला पॉलिस्टरचा, ०.६ ते ०.८ मिमी जाडीचा घ्यावा. सुती दोरा घामाने आणि ओलीने कुजतो. भोकं काठापासून ३ मिमी आत, ३ ते ४ मिमी अंतराने, आरीने तिरकी पाडावीत. दुसरी सुई घालताना पहिला दोरा मागे ओढून धरावा. तो सुईने टोचला गेला तर टाका घट्ट होत नाही आणि तेवढ्यापुरतं उसवावं लागतं.

बुरशीचं बीज हवेत असतंच. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की ते चामड्यातल्या तेलावर वाढतं. तयार वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवणं म्हणूनच वाईट. सुती कापडात ठेवावी, शेजारी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांच्या पुड्या असाव्यात, आणि दाण्यांचा रंग गुलाबी झाला की त्या तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा कोरड्या करून घ्याव्यात (कापडी किंवा कागदी पुडी असेल तर आधी दाणे बाहेर काढून). बुरशी दिसलीच तर वस्तू गॅलरीत नेऊन कोरड्या ब्रशने झटकावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसावं. रंग उतरतो का, ते आधी आतल्या कोपऱ्यात पाहावं.

तेलाचा हात आखडता ठेवावा. वर्षातून एक-दोनदा, पावसाळा संपल्यावर, कापडावर चार-पाच थेंब घेऊन पाकिटावर फिरवलं की पुरतं. जास्त तेलाने तंतू सैल पडतात आणि बुरशीला खाद्य मिळतं. पितळी बटणांभोवती हिरवट मेणचट थर येतो तोही यामुळेच: तेलातली स्निग्ध आम्लं पितळेतल्या तांब्याशी संयोग पावतात. काडीने तो खरवडून कोरड्या फडक्याने पुसला की जातो, आणि पुढच्या वेळी बटणापासून बोटभर अंतर सोडून तेल लावावं.