लिखाण अडलं की रोज बसायचंच, हा सल्ला आला कुठून

ठाण्यात काय किंवा वाशी-नेरुळला काय, लिहिणारे चार जण जमले आणि दिवाळी अंकाचा विषय निघाला की वाद ठरलेला. एक बाजू म्हणते आतून आल्याशिवाय लिहूच नये, दुसरी म्हणते संपादकाचा फोन आला की बरोब्बर सुचतं. यातली दुसरी बाजू हल्ली हमखास ‘संशोधनाने सिद्ध झालंय’ असं म्हणते, म्हणून ते संशोधन नेमकं काय होतं हे सांगायला हवं.

लिखाण अडण्याला रायटर्स ब्लॉक हे नाव १९४७ च्या आसपास न्यूयॉर्कमधल्या, मूळच्या ऑस्ट्रियन अशा एका मनोविश्लेषकाने रूढ केलं, त्याच्या मते दुखणं बालपणात, आईशी असलेल्या नात्यात दडलेलं, म्हणजे आधी मनावर उपचार आणि मग लिखाण. सत्तरच्या दशकात लक्ष मनावरून कागदाकडे वळलं. १९७३ मध्ये न थांबता, न खोडता दहा मिनिटं लिहीत राहायची पद्धत एका अमेरिकन शिक्षकाच्या पुस्तकामुळे गाजली. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात दहा विद्यार्थी अभ्यासले, पाच अडणारे, पाच न अडणारे, आणि दिसलं असं की अडणारे नियमांना फार घट्ट धरून बसतात. पहिलं वाक्य वाचकाला पकडणारंच हवं, हा त्यातलाच एक नियम. आपल्याकडे शाळेत निबंधाची सुरुवात सुविचाराने किंवा कवितेच्या ओळीनेच करायला शिकवतात, त्यामुळे हे मला फार जवळचं वाटतं.

आता मुख्य भांडण. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग, लिखाण अडलेले २७ प्राध्यापक, तीन गट. पहिल्या गटाला सांगितलं तातडीचं सोडून काही लिहायचं नाही, नुसते विचार टिपा. दुसऱ्याला मूड असेल तर लिहा. तिसऱ्याला रोज ठरलेलं लिहायलाच लावलं, नाही लिहिलं तर नावडत्या संस्थेला पैसे जायचे. तिसऱ्या गटाने पानं जास्त लिहिली यात नवल नाही, पण नवीन कल्पनाही त्यांनाच सर्वात जास्त सुचल्या, साधारण रोज एक, आणि न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांत एक. मूडची वाट बघणाऱ्यांना हा मोठा धक्का होता आणि माझ्या मते तो बसायलाच हवा होता.

यावर आक्षेप आहेत आणि तेही खरे आहेत. माणसं थोडी, सगळी विद्यापीठातली, कवी-कथाकारांबद्दल यातून फार बोलता येत नाही, शिवाय कल्पना किती सुचल्या हे लिहिणाऱ्यांनीच नोंदवलेलं. पण आपल्याकडे खरा घोळ वेगळाच झालाय. हा प्रयोग डेडलाइनच्या बाजूने वापरला जातो आणि तो डेडलाइनबद्दल नव्हताच, त्यात सक्ती होती ती रोजच्या थोड्या लिखाणाची. त्याच संशोधकाने पुढे नव्वदच्या दशकात एका दमात लिहिणाऱ्यांचाही अभ्यास केला, तर ते रोज थोडं लिहिणाऱ्यांपेक्षा कमी लिहीत होते आणि जास्त खचलेले होते.

मराठीत मात्र १९०९ पासून दिवाळी अंक आहेत आणि आपली सवय त्यांनी घडवली. उन्हाळा कोरडा जातो, गणपती येतात, जातात, आणि मग पितृपक्षात रात्री जागून कथा पूर्ण होते. या परंपरेने अप्रतिम साहित्य दिलंय, त्याबद्दल वादच नाही. पण पुढचे आठ-नऊ महिने तोच लेखक गप्प का असतो, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

१९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला, एका महिन्यात ५०,००० शब्द लिहायचा उपक्रम इथल्या तरुणांपर्यंतही पोचला, त्यात रोजचा हिशोब होता पण दमही एका महिन्याचाच. २०२२ च्या शेवटी चॅटबॉट आले आणि कोऱ्या पानाची भीती वरवर तरी गेली, पहिला खर्डा मिनिटात मिळतो. कल्पना मात्र लिहिता लिहिता सुचतात असं तो प्रयोग सुचवत होता, आणि खर्डा आयता आला तर त्या कधी सुचणार हे भांडण आता सुरू झालंय. ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली-घणसोलीला जाताना मोबाइलवर रोज एक परिच्छेद टाइप करणारेही आहेत, दिवाळी अंकाच्या वादात त्यांचं कोणी विचारत नाही एवढंच.