सोळा आण्यातलं किती दुखतं?

आमच्या मोठेबाबांना तोंडाचा कॅन्सर झाला होता आणि नागपूरला त्यांची लाईट चालू होती, म्हणजे रेडिएशन, आमच्याकडे सगळे लाईटच म्हणतात. तीस वर्षं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाल्लेला माणूस, गालाचं ऑपरेशन झालेलं, आतून सगळं तोंड सोललेलं. डॉक्टरांनी विचारलं बाबा दुखतं का, तर मान हलवून नाही म्हणाले. आणि त्याच रात्री आम्ही जिथं उतरलो होतो तिथं भिंतीकडे तोंड करून रडत होते. सकाळी मी विचारलं तर म्हणे, "सांगू कायले? कॅन्सर हाये तं दुखनारच नं."

हे वाक्य मी नंतर किती घरांत ऐकलं, यवतमाळकडे ऐकलं, वर्ध्याकडे ऐकलं. त्याच्यासाठीच हे लिहितोय, कारण कॅन्सरचं बहुतेक दुखणं औषधानं आटोक्यात येतं, पण डॉक्टरला ते दिसत नाही. गाठ स्कॅनमध्ये दिसते, रक्त कमी झालं तर रिपोर्टमध्ये येतं, दुखण्याचा मात्र कुठलाच रिपोर्ट नाही, पेशंट बोलला तरच कळतं.

नर्स सिस्टरनी त्यांना शून्य ते दहाचा आकडा विचारला तेव्हा ते नुसते बघत राहिले. मग मोठीमाय म्हणाली, "सोळा आन्यातलं किती दुखते ते सांगा." लगेच उत्तर आलं, बारा आणे! त्या दिवसापासून आमच्या घरात वहीत आणेच लिहिले, सकाळी किती, गोळीनंतर किती, रात्री किती, आणि डॉक्टरांनी ती वही बघूनच डोस ठरवला. तुमच्या घरी म्हातारं माणूस असेल तर हे करून बघा, दहापैकी किती हे त्यांना सुचत नाही, आणे बरोबर सांगता येतात.

आता दुखतं का एवढं ते सांगतो, कारण ते कळलं की औषध कसं घ्यायचं तेही कळतं. तोंडात, चामडीत जी दुखण्याची नस असते तिच्या टोकावर एक बारीक दार असतं, शास्त्रज्ञ त्याला टीआरपीव्हीवन म्हणतात. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर गरम काही लागलं की ते उघडतं आणि मेंदूला "भाजलं" असा निरोप जातो. गंमत म्हणजे मिरचीतला तिखटपणा, कॅप्सेसिन, तोही हेच दार उघडतो, म्हणून भिवापुरी मिरचीचा ठेचा थंड असला तरी तोंड पोळतं. मिरचीच्याच मदतीनं हे दार डेव्हिड ज्युलियस यांनी शोधलं आणि 2021 चं नोबेल त्यांना मिळालं, आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत. रेडिएशननं किंवा किमोनं तोंड आलं, सूज आली की सुजेतली रसायनं या दाराची कडी ढिली करतात, मग 43 अंश लागत नाहीत, अंगाच्या नेहमीच्या उबेनंही ते उघडायला लागतं. कोमट चहासुद्धा मोठेबाबांना निखारा वाटायचा. घरचे म्हणायचे नाटक करते, कोमटच तर आहे. नाटक नव्हतं हो ते, त्यांच्या नसेला खरंच भाजत होतं.

त्यामुळे त्या दिवसांत तिखट, आंबट, गरम बंदच. थंड केलेली दूध-भाकर, फिकं वरण-भात मऊ कालवून. लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा खाण्याचा सोडा टाकून दिवसातून पाच-सहा वेळा चूळ, आणि जेवणाआधी तोंड बधिर करणारं जेल मिळतं ते डॉक्टरांना मागून घ्या. तोंड आखडू नये म्हणून उघडायचा व्यायामही असतो, खर्रा खाणाऱ्याचं तोंड आधीच कमी उघडतं, त्यात लाईट, म्हणून तो व्यायाम पुढंही कितीतरी महिने सोडायचा नाही.

दुखणं दाबून ठेवलं की नुसती नसच नाही, पाठीच्या कण्यातल्या नसा आणि मेंदूही हळवे होत जातात, तोच निरोप मोठा होऊन ऐकू येतो. ठिणगीवर तांब्याभर पाणी पुरतं, कडब्याची गंजी पेटली की टँकरही कमी पडतो, तसंच. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 साली जी पद्धत सांगितली तिच्यात मुख्य गोष्ट ही होती की गोळी तोंडानं घ्यायची आणि घड्याळ बघून घ्यायची, दुखायची वाट बघायची नाही. कमी दुखत असेल तर पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी, त्यानं भागलं नाही तर ट्रॅमाडॉलसारखी, त्यानंही नाही तर मॉर्फिन. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास, म्हणून ती चार-चार तासांनी देतात, आणि मधेच उसळलं तर जास्तीचा डोस किती घ्यायचा तेही लिहून देतात. आमच्याकडे बहुतेक जण सहन होईना झाल्यावर गोळी घेतात, मग ती लागू पडेपर्यंत तळमळतात आणि म्हणतात गोळीत दम नाही.

मॉर्फिनचं नाव काढलं की गावात कुजबूज सुरू होते, आता काही खरं नाही. मोठेबाबांच्या वेळी माझ्या चुलत भावानंच गोळी लपवून ठेवली होती, सवय लागेल म्हणून. मॉर्फिन हे दुखण्याच्या जोरावर ठरतं, किती दिवस उरले त्याच्यावर नाही. उपचार संपून दुखणं कमी झालं की डॉक्टर ते हळूहळू उतरवतात आणि बंदही करतात, एकदम मात्र आपल्या मनानं तोडायचं नाही. डॉक्टरच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या दुखण्यासाठी घेणाऱ्याला व्यसन लागणं क्वचित होतं. पहिले काही दिवस मळमळ, गुंगी असते, ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, त्यामुळे पोट साफ व्हायचं औषध पहिल्या गोळीसोबतच सुरू करायचं, हे विसरलं की माणूस संडासच्या त्रासापायी चांगलं औषध सोडून देतो. हाक मारून उठत नाही, श्वास फार हळू चाललाय असं दिसलं तर लगेच दवाखाना. आणि एकाची गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, पोरांच्या हाती लागू द्यायची नाही.

ही गोळी गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. मॉर्फिन अफूपासून बनतं, आणि अफू कायदेशीर पिकते ती आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशातही, नीमचला सरकारी कारखाना आहे, पण 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं परवान्यांचं जंगल इतकं वाढलं की दवाखान्यांनी ती ठेवणंच सोडलं. 2014 ला कायदा बदलला, आता मान्यता असलेल्या संस्थेला ती ठेवता येते. तुमचा उपचार नागपूरला असो, सेवाग्रामला असो, तिथंच विचारा की पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं-त्रास कमी करायची, ओपीडी कुठं आहे. त्याचा अर्थ शेवटची सेवा असा नाही, किमो चालू असतानाही जाता येतं.

मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून रोज खाणं हे मला मॉर्फिनपेक्षा जास्त भीतीचं वाटतं. पोटात अल्सर होतो, किडनीवर भार येतो, आणि सिस्प्लॅटिनची किमो असेल तर ती पण किडनीलाच धरते, म्हणजे दोन्हीकडून मार.

हाडात पसरलेल्या कॅन्सरचं दुखणं असेल तर एकाच दिवसाच्या लाईटनं, 8 ग्रेच्या (ग्रे म्हणजे लाईट मोजायचं माप) एका डोसनं, दुखणं कमी व्हायला बहुतेकदा तेवढीच मदत होते जेवढी दहा दिवसांच्या लाईटनं. लांबच्या गावावरून एसटीनं येणाऱ्या माणसासाठी हे फार मोठं आहे, हे डॉक्टरांना नक्की विचारा. पण पाठ दुखतेय आणि पायातली ताकद चाललीय, असं झालं तर त्याच दिवशी निघा, उद्यावर टाकू नका.

किमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वात कमी असतात. तेव्हा 101 फॅरनहाईट ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच गाडी काढायची.

उपचार संपल्यावरचं कोणी फारसं बोलत नाही. आमच्या काकूचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, पॅक्लिटॅक्सेलची किमो झाली. तळपाय बधिर, मुंग्या, जळजळ. ती जळजळ साध्या गोळीनं जात नाही, नसेसाठी वेगळं औषध असतं, ड्युलॉक्सेटिनसारखं, ते मागावं लागतं. बधिर पायात पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडाचा, खुंट घुसला तर तिला कळलंच नाही, संध्याकाळी चपलेत रक्त दिसलं तेव्हा कळलं. तेव्हापासून वावरात बूट, आणि रोज झोपताना पोरगी बॅटरी लावून तळपाय बघते.

हाताचं वेगळंच. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी वर ओढणारी वाट अडते, हात सुजतो, आणि कापूस वेचताना बोंडाच्या टोकानं ओरखडा उठला की त्यातून जंतू शिरतात. बाया वेचणीला लुगड्यावर नवऱ्याचा फुल शर्ट घालतात तो काकू घालतेच, वर आता त्या हाताला रबरी हातमोजा, आणि कापूस भरायची ओटी दुसऱ्या बाजूला बांधते. हात लाल झाला, गरम लागला, अंगात ताप भरला, तर वेचणी अर्धी सोडून तालुक्याला जायचं हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, सासऱ्यांनाही.