फॉर्मला स्वतःची प्रॉपर्टी जोडणं

व्हिज्युअल बेसिक, डेल्फी, व्हिज्युअल फॉक्सप्रो, विंडोज फॉर्म्स, क्यूटी अशा व्हिज्युअल प्रोग्रामिंगच्या टूल्समध्ये फॉर्मला (म्हणजे प्रोग्रामच्या पडद्यावर उघडणाऱ्या खिडकीला) कॅप्शन, रुंदी, रंग वगैरे प्रॉपर्टी, म्हणजे गुणधर्म, आयत्या मिळतात, त्यांच्या जोडीला प्रोग्रामरने आपल्या कामाची नवी प्रॉपर्टी घालायची, उदा. ग्राहकाच्या फॉर्मला ‘ग्राहक क्रमांक’ किंवा बिलाच्या फॉर्मला ‘फक्त बघण्यापुरता’ अशी हो-नाही प्रॉपर्टी, याला फॉर्मला कस्टम प्रॉपर्टी जोडणं म्हणतात. यात दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्या कायम एकमेकींत मिसळल्या जातात. एक म्हणजे प्रॉपर्टी कोडमधून वापरता येणं, म्हणजे बाहेरच्या फॉर्मने ती सेट केली, वाचली. दुसरी म्हणजे तीच प्रॉपर्टी डिझाइन करताना प्रॉपर्टीजच्या खिडकीत दिसणं आणि तिथे भरलेली किंमत फॉर्मच्या फाइलीत सेव्ह होणं. पहिली जवळपास सगळीकडे सोपी आहे. दुसरी टूलप्रमाणे बदलते, आणि ‘मी प्रॉपर्टी लिहिली पण खिडकीत दिसत का नाही’ हा प्रश्न तिथूनच येतो.

उगम : ही कल्पना मुळात कुठली यावर एकमत नाही. एक मत लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेकडे बोट दाखवतं. १९६२ च्या लिस्प १.५ च्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक ॲटमला (म्हणजे भाषेतल्या प्रत्येक नावाला) प्रॉपर्टी लिस्ट असते, तिच्यात कुठलंही नाव आणि त्याची किंमत टाकता येते, आधी जाहीर करावं लागत नाही. हाच धागा पुढे सेल्फ या भाषेत दिसतो (पहिला पेपर १९८७), तिथे क्लासच (ऑब्जेक्टचा साचा) नाही, हातातल्या ऑब्जेक्टलाच नवा स्लॉट (किंमत ठेवायची जागा) जोडायचा. असिमेट्रिक्स कंपनीच्या टूलबुकमध्ये (पानापानांचे प्रोग्राम करायचं टूल, १९९०) पानाला किंवा बटणाला न विचारता नवी प्रॉपर्टी देता यायची, तेही याच घराण्यातलं मानायला हरकत नाही.

दुसरं मत विंडो सिस्टिमचं. सप्टेंबर १९८७ मध्ये आलेल्या एक्स ११ या युनिक्सवरच्या विंडो सिस्टिममध्ये प्रत्येक विंडोला नावाने प्रॉपर्टी चिकटवता येते, विंडोचं शीर्षकसुद्धा तशीच एक प्रॉपर्टी. मायक्रोसॉफ्ट विंडोजमध्येही, निदान विंडोज ३ च्या काळापासून तरी नक्की, सेटप्रॉप आणि गेटप्रॉप ही फंक्शन्स होती, विंडोचं हँडल (तिचा ओळख क्रमांक) द्या, नाव द्या, किंमत ठेवा, आणि विंडो मोडायच्या आधी ती काढून टाका. फॉर्म म्हणजे शेवटी विंडोच, म्हणून फॉर्मची कस्टम प्रॉपर्टी इथून आली असं हे मत मानणारे म्हणतात.

तिसरं मत क्लासचं. सिम्युला ६७ या भाषेपासून आलेली परंपरा, प्रॉपर्टी ही एका ऑब्जेक्टची नसते, प्रकाराची असते, आधी जाहीर करावी लागते आणि मग त्या प्रकारच्या प्रत्येक ऑब्जेक्टला मिळते. वाचायचं एक आणि लिहायचं एक अशा जोडीतली प्रॉपर्टी नेमकी कधी रूढ झाली हे एका तारखेवर बोट ठेवून सांगणं अवघड आहे, पण १९९३ च्या आसपास आलेल्या ओएलई ऑटोमेशनमध्ये (एका प्रोग्रामने दुसऱ्याचे ऑब्जेक्ट वापरायची मायक्रोसॉफ्टची सोय) प्रॉपर्टी वाचणं, किंमत ठेवणं आणि ऑब्जेक्टचा रेफरन्स ठेवणं असे तीन वेगळे प्रकार स्पष्ट आहेत, आणि व्हिज्युअल बेसिक ४ मधले प्रॉपर्टी गेट, लेट आणि सेट हे तिघे त्यांच्याशी एकास एक जुळतात.

या तिन्हींत विंडो सिस्टिमचं मत सगळ्यात कच्चं वाटतं. व्हीबीत (व्हिज्युअल बेसिकमध्ये) फॉर्मवर लिहिलेली प्रॉपर्टी विंडोच्या यादीत जातच नाही, ती फॉर्मच्या ऑब्जेक्टमध्ये राहते, आणि विंडो मोडल्यावरही टिकते (खाली बघा). विंडोला चिकटवलेली असती तर विंडोबरोबर गेली असती. तेव्हा व्हीबी, डेल्फी, विंडोज फॉर्म्स ही क्लासच्या वाटेने आलेली आणि टूलबुक, क्यूटीची डायनॅमिक प्रॉपर्टी ही लिस्पच्या वाटेने आलेली, असं धरलं की दोघांच्या वागण्यातले फरकही नीट समजतात.

व्हिज्युअल बेसिक ४ च्या आधी : ॲलन कूपर यांनी केलेलं ट्रायपॉड हे टूल, मग त्याचंच रूबी (त्या नावाची भाषा वेगळी), आणि मायक्रोसॉफ्टने ते घेऊन बेसिकशी जोडल्यावर मे १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक १.० आलं. कंट्रोलला (बटण, टेक्स्टबॉक्स वगैरे) नवी प्रॉपर्टी देता येत होती, पण ती सी मध्ये व्हीबीएक्स, म्हणजे बाहेरून जोडायचा कंट्रोल, लिहिणाऱ्याला. फॉर्मला स्वतःची प्रॉपर्टी द्यायची सोय व्हीबी ३ (१९९३) पर्यंत नव्हती. मग लोक काय करायचे, तर बीएएस मोड्यूलमध्ये (नुसत्या कोडची फाइल) ग्लोबल व्हेरिएबल ठेवायचे, नाहीतर फॉर्मवर एक लपवलेलं लेबल टाकून त्याच्या कॅप्शनमध्ये किंमत ठेवायचे, नाहीतर टॅग वापरायचे. टॅग ही प्रॉपर्टी व्हीबी स्वतः कशालाच वापरत नाही, ती प्रोग्रामरसाठी रिकामी सोडलेली आहे, पण आहे एकच आणि तीही स्ट्रिंग, त्यामुळे दोन-तीन किंमती ठेवायच्या तर मध्ये सेमीकोलन घालून जोडा आणि वाचताना परत तोडा. त्यात व्हीबी २ पासून एकाच फॉर्मच्या अनेक प्रती उघडता यायला लागल्या आणि ग्लोबल व्हेरिएबल उघडं पडलं, दोन ग्राहकांचे दोन फॉर्म उघडे आणि क्रमांक ठेवायला जागा एकच.

व्हीबी ४ ते ६ : १९९५ च्या व्हीबी ४ पासून फॉर्म हा क्लास मोड्यूलसारखाच वागायला लागला. फॉर्मच्या कोडमध्ये पब्लिक व्हेरिएबल लिहिलं की झाली प्रॉपर्टी, किंवा प्रायव्हेट व्हेरिएबल ठेवून त्यावर प्रॉपर्टी गेट आणि प्रॉपर्टी लेट लिहायचे, ऑब्जेक्ट असेल तर सेट. गेट एकटा लिहिला की प्रॉपर्टी फक्त वाचायची. गेट जो प्रकार परत देतो आणि लेटचं शेवटचं आर्ग्युमेंट, हे दोन्ही एकाच प्रकारचे लागतात, नाहीतर कंपाइलर अडतो. ॲरे, फिक्स्ड लांबीची स्ट्रिंग आणि कॉन्स्टंट हे फॉर्ममध्ये पब्लिक करता येत नाहीत, ॲरे द्यायचाच असेल तर इंडेक्स घेणारी प्रॉपर्टी लिहावी लागते. आणि प्रॉपर्टी एखाद्या प्रोसीजरला बायरेफ (म्हणजे तिथला बदल मूळ जागी उमटेल अशा पद्धतीने) दिली तरी तिथे झालेला बदल परत येत नाही, कारण जाते ती तात्पुरती प्रत.

यात सगळ्यात महत्त्वाचं आहे ते फॉर्म केव्हा लोड होतो ते. व्हीबीच्या फॉर्मचे दोन भाग धरायचे, कोडचा भाग आणि विंडो-कंट्रोलचा भाग. बाहेरून कस्टम प्रॉपर्टीला हात लावला तर फक्त कोडचा भाग तयार होतो, इनिशियलाइझ इव्हेंट येतो, लोड येत नाही. कॅप्शन किंवा एखाद्या टेक्स्टबॉक्सला हात लावला की मात्र विंडो तयार होते आणि लोड येतो. म्हणूनच आधी ग्राहक क्रमांक द्या आणि मग शो करा ही पद्धत बसली, लोडमध्ये क्रमांक तयार असतो, त्यावरून रेकॉर्ड आणता येतं. आता समजा प्रॉपर्टी लेटमध्ये पहिली ओळ आहे टेक्स्टबॉक्समध्ये क्रमांक दाखवायची आणि दुसरी ओळ आहे प्रायव्हेट व्हेरिएबलमध्ये ठेवायची. पहिल्या ओळीने टेक्स्टबॉक्सला हात लागला, तिथल्या तिथे लोड सुरू झाला, लोड व्हेरिएबल वाचतो आणि त्यात अजून शून्यच आहे, मग शून्य क्रमांकाचा ग्राहक शोधला जातो आणि फॉर्म रिकामा उघडतो. लेट संपेपर्यंत किंमत नीट बसलेली असते, त्यामुळे नंतर तपासलं तर सगळं बरोबर दिसतं. उपाय साधा, आधी व्हेरिएबल भरा, मग कंट्रोलला हात लावा, किंवा लेटमध्ये कंट्रोलला हातच लावू नका. दुसरा मार्ग जास्त चांगला.

उलट बाजूलाही हेच. अनलोड केल्यावर विंडो आणि कंट्रोल जातात, पण कोडचा भाग आणि त्यातली व्हेरिएबल्स राहतात, फॉर्मला नथिंग केलं, म्हणजे त्याचा रेफरन्स सोडला (आणि दुसरा कुठलाही रेफरन्स उरला नाही) तरच जातात. त्यामुळे काल उघडलेल्या फॉर्मची जुनी किंमत आज पुन्हा दिसणं हा प्रकार होतो. संवादाच्या (डायलॉग) फॉर्ममध्ये म्हणूनच ओके बटणावर अनलोड न करता हाइड करतात, बोलावणारा प्रॉपर्टी वाचतो, मग तोच अनलोड करतो आणि नथिंग करतो.

डिझायनरला का दिसत नाही : व्हीबीत अशी प्रॉपर्टी एफ४ च्या, म्हणजे प्रॉपर्टीजच्या, खिडकीत येत नाही. याचं कारण डेल्फीत जास्त स्वच्छ बघायला मिळतं. डेल्फी फेब्रुवारी १९९५ मध्ये आली, फॉर्म हा सरळ टीफॉर्म या आयत्या क्लासपासून केलेला क्लास, त्यात पब्लिश्ड विभागात प्रॉपर्टी लिहिली की नियमाने ती ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये (डेल्फीची प्रॉपर्टीजची खिडकी) दिसायला हवी, पण दिसत नाही. डिझायनरमध्ये समोर जो फॉर्म दिसतो तो तुमच्या क्लासचा नसतोच, तुमचा क्लास तर अजून कंपाइलही झालेला नसेल, तो असतो वरच्या टीफॉर्मचा ऑब्जेक्ट, नुसतं नाव तुमचं लावलेलं. हातानेच डीएफएम फाइलीत (फॉर्मची फाइल) प्रॉपर्टीची ओळ घातली तर कंपाइल केलेला प्रोग्राम ती बरोबर वाचतो, कारण चालताना खरा क्लास असतो, पण तोच फॉर्म पुन्हा डिझायनरमध्ये उघडला की ही प्रॉपर्टी अस्तित्वात नाही असा एरर येतो, आणि इग्नोर करून सेव्ह केलं की ओळ गेली. खरा मार्ग म्हणजे प्रॉपर्टी असलेला फॉर्म पॅकेजमध्ये घालून रजिस्टरकस्टममोड्यूलने नोंदवायचा, पॅकेज आयडीईत (डेल्फीचं प्रोग्राम लिहायचं वातावरण) इन्स्टॉल करायचं, मग त्यापासून केलेल्या फॉर्मवर ती दिसते. डेल्फीतलं आणखी एक फसवं म्हणजे प्रॉपर्टीपुढे लिहायचं डिफॉल्ट. ते किंमत देत नाही, फक्त एवढंच सांगतं की किंमत इतकी असेल तर फाइलीत लिहू नको. किंमत कन्स्ट्रक्टरमध्ये स्वतःच द्यावी लागते, आणि दोन्ही जुळले नाहीत तर सेव्ह केलेली किंमत पुढच्या वेळी गायब.

डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्सचं गणित (२००२ पासून) तसंच आहे, डिझायनर तुमच्या क्लासच्या एक पायरी वरच्या क्लासचा ऑब्जेक्ट करतो. फरक एवढा की वरचा क्लास एकदा बिल्ड झाला की त्याच्या पब्लिक प्रॉपर्टी खालच्या फॉर्मच्या प्रॉपर्टी ग्रिडमध्ये आपोआप दिसतात, वेगळी नोंदणी लागत नाही. म्हणून मोठ्या प्रोजेक्टमध्ये एक मूळ फॉर्म करून सगळ्या कस्टम प्रॉपर्टी त्यात टाकायची पद्धत आहे. फक्त हा मूळ फॉर्म ॲब्स्ट्रॅक्ट केला की डिझायनरला त्याचा ऑब्जेक्टच करता येत नाही.

व्हिज्युअल फॉक्सप्रो : या सगळ्यांत हे वेगळं, आणि या कामापुरतं सगळ्यात मोकळं. १९९५ च्या ३.० आवृत्तीपासून फॉर्म मेनूत न्यू प्रॉपर्टी आहे, नाव टाइप करा, प्रॉपर्टी त्याच क्षणी प्रॉपर्टीजच्या खिडकीत अदर टॅबवर हजर, सुरुवातीची किंमत डॉट एफ डॉट, म्हणजे फॉल्स. कंपाइल नाही, पॅकेज नाही. हे जमतं कारण एससीएक्स, म्हणजे फॉर्मची, फाइल ही स्वतःच फॉक्सप्रोचं टेबल आहे (ही चाल १९९१ च्या फॉक्सप्रो २.० पासूनची), ती यूज करून ब्राउझ केली की फॉर्मच्या ओळीत रिझर्व्ड३ या मेमो फील्डमध्ये आपल्या प्रॉपर्टींची नावं एकाखाली एक दिसतात, मेथड असेल तर आधी तारा (*), ॲरे असेल तर आधी टोपी (^). डिझायनर ही यादी वाचतो आणि दाखवतो. व्हीएफपी (व्हिज्युअल फॉक्सप्रो) ६ पासून (१९९८) प्रोग्राम चालू असतानाही ॲडप्रॉपर्टीने प्रॉपर्टी जोडता येते, आणि नावाच्या शेवटी अंडरस्कोर ॲक्सेस किंवा अंडरस्कोर असाइन लावून मेथड लिहिली की वाचताना-लिहिताना आपला कोड चालतो, म्हणजे व्हीबीच्या गेट-लेटचंच काम. नावं खिडकीत सगळी छोट्या इंग्रजी अक्षरांत (लोअरकेस) दिसायची ही तक्रार २००४ च्या व्हीएफपी ९ मध्ये मेंबरडेटाने सुटली. मार्च २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती येणार नाही असं जाहीर केलं.

क्यूटी : ४.२ आवृत्तीपासून (२००६) सेटप्रॉपर्टीला जाहीर न केलेलं नाव दिलं तर डायनॅमिक प्रॉपर्टी तयार होते. क्यूटी डिझायनरमध्ये अधिक चिन्हाचं बटण दाबूनही ती जोडता येते, यूआय फाइलीत तिच्यापुढे एसटीडीसेट शून्य अशी खूण असते. दोन गोष्टी सांभाळायच्या. सेटप्रॉपर्टी अशा वेळी काम करूनही फॉल्स परत देतं, आणि नावाचं स्पेलिंग चुकलं तर एरर येत नाही, चुकीच्या नावाची नवीच प्रॉपर्टी तयार होते. लिस्पच्या वाटेचा मोकळेपणा हवा तर ही जोखीम बरोबर येतेच.

ॲक्सेस : मायक्रोसॉफ्टच्या या डेटाबेसमध्ये फॉर्मच्या मोड्यूलमध्ये गेट-लेट व्हीबीसारखेच. शिवाय ॲक्सेस २००० पासून ऑलफॉर्म्समधून (सगळ्या फॉर्मची यादी) फॉर्मच्या नोंदीला प्रॉपर्टी जोडता येते, ती डेटाबेसच्या फाइलीत टिकते.

अलीकडचा बदल : डॉटनेट ९ मध्ये (नोव्हेंबर २०२४) विंडोज फॉर्म्ससाठी डब्ल्यूएफओ१००० नावाची तपासणी आली. फॉर्मवर किंवा कंट्रोलवर पब्लिक प्रॉपर्टी लिहिली आणि ती डिझायनरने सेव्ह करायची की नाही हे सांगितलं नाही तर हा एरर येतो आणि बिल्ड थांबतो, त्यामुळे वर्षानुवर्षं चाललेले जुने प्रोजेक्ट नव्या आवृत्तीवर नेताना एकदम शेकडो एरर दिसू शकतात. प्रॉपर्टी फक्त कोडसाठी असेल तर डिझायनर सीरियलायझेशन व्हिजिबिलिटी हा ॲट्रिब्यूट हिडन करायचा, सेव्ह व्हायला हवी असेल तर डिफॉल्ट व्हॅल्यू द्यायची किंवा शुडसीरियलाइझने सुरू होणारी मेथड लिहायची. सगळ्या प्रोजेक्टसाठी ही तपासणी एडिटरकॉन्फिगमधून (प्रोजेक्टच्या सेटिंगची फाइल) बंदही करता येते, पण मग डिझायनर ती प्रॉपर्टी इनिशियलाइझकंपोनंटमध्ये (डिझायनरने स्वतः लिहिलेली मेथड) पूर्वीसारखी न विचारता लिहीत राहतो.