केदारनाथची डोली

उत्तराखंडातील केदारनाथ (उंची सुमारे ३,५८० मीटर) येथील देवाची पंचमुखी चलमूर्ती दरवर्षी हिवाळ्यात डोलीतून, म्हणजे पालखीतून, खाली उखीमठला नेण्याची आणि उन्हाळ्यात परत वर आणण्याची प्रथा. वारीमुळे पालखी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पादुका येतात. इथे खुद्द देवच यात्रेकरू असतो.

कपाट, म्हणजे मंदिराचे दार, कधी उघडायचे हे महाशिवरात्रीला उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात पंचांग पाहून जाहीर होते. दिवस बहुधा अक्षय्य तृतीयेच्या आसपासचा निघतो. त्याआधी भैरवनाथाची पूजा करून डोली निघते. मुक्काम गुप्तकाशी, फाटा नावाचे गाव आणि गौरीकुंड. चौथ्या दिवशी केदारपुरी, म्हणजे केदारनाथ. वाहणारे अनवाणी असतात, आणि शेवटच्या चढावर बहुधा बर्फ असतो.

बंद होण्याचा दिवस मात्र ठरलेला : भाऊबीज. आपल्या घरी ओवाळणी चाललेली असते, त्या दिवशी पहाटे तिथे गाभाऱ्यातल्या स्वयंभू त्रिकोणी शिळेला भस्म, फुले आणि बेलपत्रांनी झाकून समाधिरूप देतात, दार लावतात आणि डोली उतरू लागते. पुढचे सहा महिने माणसांऐवजी देवच तिथे पूजा करतात, अशी श्रद्धा आहे. दरी सांभाळायला भैरवनाथ असतो.

केदारनाथचे रावळ, म्हणजे मुख्य पुजारी, वीरशैव परंपरेतले. ते स्वतः गाभाऱ्यात नित्यपूजा करीत नाहीत. ती त्यांचे शिष्य करतात. २०२०च्या टाळेबंदीत रावळ नांदेडला होते. तिथून रस्त्याने उखीमठ गाठल्यावर त्यांना विलगीकरणात राहावे लागले. त्या वर्षी डोलीही गौरीकुंडापर्यंत मोटारीने गेली आणि २९ एप्रिलला भाविकांविना कपाट उघडले.

१६-१७ जून २०१३च्या प्रलयात मंदिराच्या वरचा चोराबारी तलाव फुटला. वाटेवरचे रामबाडा वाहून गेले, हजारो माणसे गेली. मंदिरामागे एक प्रचंड शिळा अडकली आणि पाण्याचा लोंढा दोन्ही बाजूंनी वळला. तिला आता भीमशिला म्हणतात आणि लोक तिचीही पूजा करतात. मंदिरातली पूजा ११ सप्टेंबरला पुन्हा सुरू झाली. गौरीकुंडाची पायवाट त्यानंतर लिंचोलीवरून वळवली. पूर्वी १४ किमी असलेली वाट लांबली.

उखीमठ सुमारे १,३०० मीटरवर आहे. म्हणजे डोली जवळपास २,३०० मीटर चढते, पण मुक्काम करत करत. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला असाच वेळ लागतो. फाट्याहून हेलिकॉप्टरने काही मिनिटांत वर पोचणाऱ्याला तो मिळत नाही. डोके ठणकते, चार पावलांत धाप लागते. वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी वाटेत मुक्काम करत जावे, हे कळकळीने सांगावेसे वाटते.

पंचकेदारांपैकी, म्हणजे या भागातल्या शंकराच्या पाच स्थानांपैकी, मध्यमहेश्वरही हिवाळ्यात उखीमठलाच उतरतो, तुंगनाथ मक्कूमठला, रुद्रनाथ गोपेश्वरला. कल्पेश्वर तेवढा बारमाही उघडा. उखीमठच्या ओंकारेश्वरात हिवाळाभर केदारनाथची पूजा चालते, आणि ज्यांच्या गुडघ्यांना वरचा चढ झेपत नाही, त्यांना तिथे त्याच देवाचे दर्शन होते.